चौथ्या मशीनची साक्ष

१

माझं नाव राजनंदिनी. आईबापांनी हौसेनं ठेवलं, आणि वाट्याला आलं पाइपलाइनचे सांधे तपासत उन्हातान्हात फिरणं. गॅस कंपनीच्या सुरक्षा विभागात मला बावीस वर्षं झाली. गळती कुठं झाली, किती झाली, कुणामुळं झाली, हे शोधायचं आणि नांदेडला परत जाऊन अहवाल लिहायचा. घरी संध्याकाळी आवाज असतो तो फक्त फ्रिजचा. त्यामुळं दौऱ्यावर पाठवलं की मी कुरकुर करत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी डोंगरकड्यापुढच्या व्हॉल्व्ह स्टेशनवर पोचले. वारंगा फाट्याचा रस्ता सोडून दोन किलोमीटर आत, हळद आणि केळीच्या शेतांमध्ये, तारेचं कुंपण घातलेली अर्धा एकर जागा. जमिनीखालून जाणारी गॅसलाइन इथं एका खोल चेंबरमध्ये उघडी पडते, आणि तिथं ती बंद करायचा व्हॉल्व्ह आहे. बाकी एक केबिन, एक लिंबाचं झाड आणि एक चौकीदार. माणसाचं तोंड दिसावं म्हणून तिथला माणूस रस्त्याकडं बघत बसत असणार, असं मला आत शिरतानाच वाटलं.

"मॅडम, केस सरळ आहे," स्टेशन इन्चार्ज सोमेश्वर म्हणाले. गृहस्थ नीटनेटके, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. "तुमचा अहवाल आला की उद्या सकाळी अकराला पोलिसांत तक्रार देतो."

"कुणाविरुद्ध?"

"भीमराज खंदारे. आमचा लाइनवॉकर."

लाइनवॉकर म्हणजे गॅसलाइनवरून रोज पायी चालणारा माणूस. कुणी खोदतंय का, कुठं गॅस येतोय का, हे हातातलं मशीन लावून बघायचं. भीमराजचा टप्पा नऊ किलोमीटरचा होता आणि सात वर्षं तो एकटाच चालत होता.

सोमेश्वरांनी बोटं मोजत हिशेब मांडला. वीस नोव्हेंबरला स्टेशनच्या तिन्ही मशीननी चेंबर तपासलं, तिन्हींवर शून्य. चोवीसला तिमाही तपासणीचा ड्रोन आला आणि त्याच्या नकाशावर चेंबर लालभडक दिसलं. व्हॉल्व्हच्या दांड्याशी, नटाजवळ गळती होती. दुरुस्ती त्याच दिवशी झाली. पण मधल्या चार दिवसांत चेंबरमध्ये एकच माणूस उतरला होता. बावीस तारखेला भीमराज परवानगीशिवाय पाना घेऊन उतरला, चौकीदारानं बघितलं, आणि भीमराजनं ते नाकारलंही नाही.

"त्यानं असं का करावं?"

"ऑक्टोबरपासून एकच टकळी, गॅस आहे, गॅस आहे. तीनदा तिन्ही मशीन लावून दाखवलं, काही नाही. चारचौघांत तोंडघशी पडला. मग म्हणाला, एक दिवस तुम्हांला दिसेल. आणि दाखवलंच त्यानं, स्वतः नट ढिला करून."

मोठ्या लाइनमधल्या या गॅसला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला. मिथेन मुकाट्यानं येतो, वर जाऊन आभाळ तापवतो आणि बंद जागेत कोंडला की ठिणगीची वाट बघतो. दोन महिन्यांनी कुंपणापलीकडच्या शेतात हळद शिजवायचे कुकर लागणार होते, जाळासकट. म्हणून मशीनवर विश्वास ठेवण्यावाचून आम्हांला गत्यंतर नसतं.

ती तीन मशीनं टेबलावर ओळीनं उभी होती. पिवळी, तळहाताएवढी, चकचकीत.

"नवी आणलीत?"

"छे, तीन वर्षं झाली."

मी एक उचलून बघितलं. पाठीमागच्या स्क्रूच्या खाचेत काहीतरी लाल अडकलं होतं. बाकी दोन्हींवरही तसाच एकेक कण होता. गंज म्हणावा तर स्टीलच्या स्क्रूला गंज कशाला चढेल? मी नखानं थोडं खरवडलं आणि मशीन जागेवर ठेवलं.

"दुरुस्तीआधीचा नटाचा फोटो आहे?"

"आहे ना, पुरावा म्हणून काढलाय." सोमेश्वरांनी उत्साहानं मोबाइल पुढं केला. मी फोटो मोठा केला, दोनदा बघितला आणि माझ्या मोबाइलवर पाठवायला सांगितलं.

पुरावा होता हे खरं. पण तो सोमेश्वरांच्या बाजूचा नव्हता.

२

डोंगरकड्यात भीमराजच्या घरी त्याची बायको सपना एकटीच होती. तिनं मला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ते लाइनीवर गेलेत."

"त्यांना तर कामावरून थांबवलंय."

"व्हय. तरीबी जातेत. घरात बसवत न्हाई त्यास्नी. पोलीस येनार म्हनतेत, खरं हाय का हो मॅडम?"

मला खोटं बोलता आलं नाही. "उद्या तक्रार होणार आहे," मी म्हणाले. तिनं रिकामा पेला माझ्या हातातून घेतला आणि तो बराच वेळ पदरानं पुसत राहिली.

भीमराज मला तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी दिसला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, हात रिकामे. हरभऱ्याच्या कडेनं तो नेहमीच्याच चालीनं चालला होता. मी गाठलं तरी थांबला नाही, म्हणून मीही त्याच्याबरोबर चालू लागले.

"पाना घेऊन का उतरलास?"

"आवळाया. गळून राहिलं व्हतं, कोनी आइकंना. म्हनलं, आपुनच आवळावं. पर थांबलं न्हाई."

"गळतंय हे तुला कसं कळलं? तेव्हा तुझ्याही मशीनवर शून्य होतं, तुझ्याच सहीनं लिहिलंय."

तो कसनुसं हसला. "ते माजं मशीन नव्हतं मॅडम. माजं चार लंबरचं. सहा ऑक्टोबरला त्यानं आठ टक्के दाखवलं. वरडलं जोरात. मी पळत केबिनीत गेलो. नरसिंग तिन्ही मशीनी घेऊन आला, तिन्ही गप्प. दुसऱ्या दिशी तेच, नववीला तेच. मंग म्हनले, तुजंच मशीन बिघडलंय. काढून घेतलं, नांदेडला दुरुस्तीला धाडलं म्हनले. मला त्या तिनातलं येक दिलं. त्याच्यावर रोज शून्य."

नरसिंग म्हणजे स्टेशनचा तंत्रज्ञ. मशीनची निगा त्याच्याकडं होती. आणि टक्के म्हणजे गॅस पेट घेऊ शकतो त्या पातळीचे टक्के.

"मग?"

"मंग मलाबी वाटाया लागलं, आपलंच डोकं फिरलं काय. नऊ किलोमीटर येकटा चालतो मानूस, मनात कायबी येतं. येक दिवस शाम्पूची पुडी पान्यात कालवली अन् वरूनच दांड्यावर वतली. बुडबुडे आले. रोज वतायचो, रोज यायचे. पर बघाया दुसरं कोन व्हतं?"

"हे कुणाला सांगितलं नाहीस? काहून?"

माझ्या तोंडी गावाकडचं 'काहून' ऐकून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तीन मशीनी येका बाजूला अन् मी येका बाजूला. शाम्पूचं आइकतंय कोन?"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. बुडबुड्यांचा मोबाइलवर एक फोटो काढला असता तर? पण ज्याला स्वतःचीच खात्री उरलेली नाही तो फोटो तरी कशाला काढेल? मीही एकटीनं चाळीसेक अहवाल लिहिलेत, त्यातल्या तीन-चारांपायी तरी रात्रभर झोप लागलेली नाही. चुकलेय की काय, हे विचारायला घरात दुसरं माणूस लागतं.

मी तिथूनच नांदेडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. ओळखीचा माणूस आहे. त्यानं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "डोंगरकड्याचं मशीन? या वर्षात एकही आलेलं नाही मॅडम."

३

नरसिंग तिशीचा, तरतरीत पोरगा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा.

"बारा ऑक्टोबरला धाडलं मॅडम. कुरियरवाला आला व्हता इथंच. वाटंत गहाळ झालं आसंल."

"आणि रोजची तपासणी?"

त्यानं वही पुढं केली. नियम असा आहे, की रोज सकाळी प्रत्येक मशीनच्या तोंडाशी टेस्ट गॅसच्या बाटलीतून एक फुंकर द्यायची. मशीन ओरडलं तर ते जिवंत. वहीत रोज बरोबरची खूण होती, एकही दिवस चुकलेला नव्हता. दसऱ्यालासुद्धा नाही. मी पानं उलटत गेले तशी माझी शंका वाढत गेली. इतकं नियमित आमच्या खात्यात फक्त कॅलेंडर असतं.

"बाटली दाखव."

"कपाटात हाय. किल्ली घरी राहिली मॅडम. उद्या आनतो."

मी बरं म्हटलं आणि लिंबाखाली चौकीदाराकडं गेले. वसराम साठीला टेकलेला होता. बायको वारलेली, लेक पुण्याला. बारा वर्षं तो या फाटकावर होता. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः दगडावर बसला आणि जे बोलायला लागला ते थांबेचना. लिंबाला यंदा मोहोर कमी आला इथपासून लेकाचा फोन रविवारी येतो इथपर्यंत. मी थांबवलं नाही. असं बोलणं मला ओळखीचं आहे.

"फाटकाची वही तुम्हीच लिहिता?"

"व्हय ताई. बराबर लिवतो. या फाटकातून मुंगी गेली तरी लिवतो. दुसरं काम काय हाय?"

त्यानं वही मांडीवर दिली. अक्षर मोठं, गोलमटोल. आत कोण आलं, बाहेर काय गेलं, सगळं वेळेसकट. 'दूधवाला आत, पाच मिनिटांत बाहेर.' 'मोर एक, आपल्या मनानं आला, आपल्या मनानं गेला.' 'आज कोणी नाही.' ही शेवटची नोंद मला पानोपानी भेटली.

बारा ऑक्टोबर. 'साप एक, काठीनं बाहेर घालवला. दूधवाला. बाकी कोणी नाही.' अकरा, तेरा, चौदा, कुठंच कुरियर नव्हता. नरसिंगच्या नावापुढं रोज येताजाता 'डबा एक' एवढंच होतं.

म्हणजे चौथं मशीन या कुंपणाबाहेर गेलेलंच नव्हतं.

मी आणखी मागं गेले आणि एक ऑक्टोबरच्या पानावर बोट थांबलं. 'झेंडू दोन किलो, नारळ, ऊस पाच. जीपवाल्याकडून पॉलिशचा फवारा एक.'

"हे काय?"

वसरामचा चेहरा उजळला. "खंडेनवमी व्हती ना ताई! दसऱ्याच्या आदल्या दिशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा नांगर, डायवरची गाडी, तशी आमची ही मशीनी. साहेब अन् नरसिंग आपापल्या घरी गेल्ते. मीच केली पूजा. पाने, हातोड्या घासून काढल्या. मशीनींवर धूळ व्हती, जीपवाल्याचा तो गाडी चमकवायचा फवारा मारला, फडक्यानं पुसली, कुंकू लावलं, फुलं वाहिली. अशा चमकल्या म्हनता!"

"चारही मशीनं?"

"न्हाई, तीनच. चौथी भीमराजकडं. त्यो गेलता नागपूरला, दीक्षाभूमीला, घरचे घेऊन. कंपनीची वस्तू म्हनून मशीन ट्रंकंत कुलपात ठिवून गेलता. तेवढीच बिनपूजेची राहिली बिचारी. मला लई वाईट वाटलं."

मी उठले. या म्हाताऱ्याला आता काय सांगायचं, हा प्रश्न मला उरलेल्या सगळ्या कोड्यापेक्षा अवघड वाटत होता.

४

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. भीमराज दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. सोमेश्वरांच्या पुढ्यात तक्रारीचा कागद टाइप करून तयार होता.

"आधी नट," मी म्हणाले आणि मोबाइलवरचा फोटो सगळ्यांपुढं धरला. "नटावर रंग होता. पाना लावला तिथं रंग उडालाय. पाना ज्या बाजूला जोर देतो त्याच बाजूचा कोपरा खरवडतो. इथं सहाही बाजूंना कोपरे खरवडलेत ते आवळायच्या दिशेचे. ढिला करणाऱ्याची एकही खूण नाही. भीमराजनं जे सांगितलं तेच त्यानं केलं."

"पण मग वीस तारखेचं शून्य?" सोमेश्वर म्हणाले.

"सांगते. नरसिंग, किल्ली दे."

"मॅडम, घरी..."

"मशीन फाटकाबाहेर गेलेलं नाही. वसरामकाकांच्या वहीत साप आहे, मोर आहे, कुरियर नाही. किल्ली दे."

नरसिंगनं खिशातून किल्ली काढली. कपाटात खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं चौथं मशीन होतं आणि त्याच्यामागं टेस्ट गॅसची बाटली. बाटलीच्या काट्यानं तळ गाठला होता.

"कधी संपली?"

"ऑगस्टमधी," तो खाली बघत म्हणाला. "येळेवर मागवायचं राहून गेलं. म्हनलं, दोन दिवसांत मागवू. मंग दोन दिवस खुना केल्या, मंग आठ दिवस. मंग सांगायची भीती वाटाया लागली. चार लंबर नांदेडला गेलं आस्तं तर त्यांनी तपासनीची वही मागितली आस्ती. म्हनून ठिवलं. पर शप्पथ सांगतो मॅडम, ती तिन्ही बराबर हायेत आसंच वाटलं मला."

मी माझ्या जीपमधली बाटली आणली. पहिल्या मशीनच्या तोंडाशी नळी लावून फुंकर दिली. पडद्यावर शून्य. दुसऱ्याला दिली, शून्य. तिसऱ्याला बाटलीचा कॉक पुरता उघडून दिली. शून्य.

मग मी चौथं मशीन सुरू केलं, ते तयार होईपर्यंत थांबले आणि नळी लावली.

ते असं किंचाळलं की सोमेश्वरांच्या हातून पेन खाली पडलं.

"याच्या आठवणीत जुने आकडेही आहेत," मी बटण दाबत म्हणाले. "सहा ऑक्टोबर, आठ टक्के. सात, नऊ टक्के. नऊ तारखेला अकरा. गळती तेव्हापासून होती. तुमची तिन्ही मशीनं मेलेली होती. मेलेलं मशीन बंद पडत नाही, शून्य दाखवत राहतं. तीन शून्यांनी मिळून एका खऱ्या आकड्याला खोटं ठरवलं."

"तिन्ही एकदम कशी मरतील?" सोमेश्वरांचा आवाज खोल गेला होता.

इथं मी अडखळले. वसराम कोपऱ्यात उभा होता, हात जोडल्यासारखे. पण सांगणं भाग होतं.

"यांचं नाक, म्हणजे आतला सेन्सर, नाजूक असतं. गाडी चमकवायच्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं, ते आत गेलं की नाक कायमचं बंद होतं. खंडेनवमीला या तिन्हींची पूजा झाली. स्क्रूच्या खाचेत अजून कुंकू आहे. चौथं कुलपात होतं, म्हणून वाचलं."

वसरामला कळायला क्षणभर लागला. मग तो मटकन खाली बसला. "माज्या हातानं? ताई, म्या तर... लेकरावानी पुसली व्हती म्या त्यास्नी. भीमराज, लेकरा, तुला माज्यामुळं..."

भीमराज दारातून पहिल्यांदाच आत आला. त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "काका, तुमी तर पूजाच केली ना. तुमास्नी कोनी सांगितलं व्हतं का, फवारा मारू नका म्हनून? उठा, पानी प्या."

ते खरंच होतं. तशी सूचना कुठंच लावलेली नव्हती. ती लावायचं काम माझ्या विभागाचं होतं, आणि अहवालात मी ते पहिल्या ओळीत लिहिलं. नरसिंगचं दुसऱ्या ओळीत. रिकाम्या बाटलीवर रोज खूण केली नसती तर दसरा उलटताच सगळं उघडं पडलं असतं. वसरामच्या नावापुढं मी लिहिलं, की याच्या वहीमुळं छडा लागला. तेही खरंच होतं.

सोमेश्वरांनी तक्रारीचा कागद फाडला. आधी दोन तुकडे, मग चार. मग उठून भीमराजसमोर उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त बहुमतावर त्याचा फार विश्वास होता. "भीमराज, चूक झाली. आजपासून कामावर ये. कंपनीतर्फे लेखी पत्र देतो."

"पत्र द्या साहेब, घरी दाखवाया व्हईल. ती काळजीत हाय," भीमराज म्हणाला. पण त्याचं लक्ष टेबलावरच्या चौथ्या मशीनकडं होतं. त्यानं ते उचललं, मागून पुढून बघितलं, बाहीनं पुसायला गेला आणि मधेच थांबला. मग ते माझ्यापुढं धरलं.

"मॅडम, अजून येकदा वाजवता का?"

मी नळी लावली. मशीन पुन्हा किंचाळलं. लाल दिवा त्याच्या तोंडावर उघडझाप करत होता. सोमेश्वर, नरसिंग, वसराम, सगळे ऐकत उभे होते. भीमराजनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आइकलं ना समद्यांनी?" तो म्हणाला. "सहा तारखेला आसंच वाजत व्हतं. मी येकटाच व्हतो तिथं."

मला नळी काढायला हवी होती, बाटलीत गॅस थोडाच राहिला होता. पण मी कॉक बंद केला नाही. बाटली संपेपर्यंत ते वाजू दिलं.